कोमशू

जनरल वेरेतेन्निकोव सांगत होते, मी लिहीत होतो.
त्यांची रशियन माझ्या टाकातून तुर्की होऊन उतरायची,
उजवीकडून डावीकडे.
तंबूत शेगडी होती, तरी दौतीत बर्फाचे कण.
दर चार ओळींनी मी दौत काखेत धरायचो,
आजारी पिल्लू धरावं तशी.

मजकूर साधा होता.
दोन्ही खंदकांच्या मध्ये, द्राक्षांच्या मळ्यात,
सहा दिवस माणसं पडून आहेत.
तुमची कोणती, आमची कोणती, बर्फानं आता कळत नाही.
उद्या पहाटेपासून दुपारपर्यंत तोफा गप्प ठेवाव्यात.
उचलू द्या. उचला.
तीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला
याहून जास्त व्याकरण लागत नसावं.

मायना राहिला होता.
“घाल काहीतरी,” बूट ओढून काढत जनरल म्हणाले,
“माननीय शत्रू वगैरे. तुझ्या भाषेत शोभेल ते.”

माझ्या भाषेत!
मी नायदेन गांचेव, डॅन्यूबकाठचा शाळामास्तर.
आमच्या परसाच्या भिंतीत एक बुटकं दार होतं,
वाकल्याशिवाय जाता न येणारं.
पलीकडे हनिफेआजी राहायची.
मीठ संपलं की आई त्या दारातून हाक मारायची, कोमशू!
विरजण नासलं की पलीकडून तीच हाक, कोमशू!
शेजार दोघींचा, शब्दही दोघींचा;
कुणी कुणाकडून उसना नेला
ते विचारायला दोघींनाही सवड नव्हती.
आता त्या दारात विटा आहेत.
आम्ही लावल्या की त्यांनी?
दोन्हीकडून लावल्यात. मी पाहिलंय.

शत्रूसाठीचा शब्द लिहायला टाक टेकवला
आणि हात भलत्याच अक्षरांवरून फिरला.
झोप नव्हती, म्हणा. शाई गोठत होती, म्हणा.
कोर्टमार्शलपुढे मीही हेच म्हटलं असतं.
पत्र गेलं:
पांढरं फडकं, एक बिगुलवाला, एक लंगडं घोडं.

रात्री उत्तर आलं.
झुहूरी पाशांच्या कारकुनाचं अक्षर असं,
की वाचण्याआधी नुसतं बघत राहावं.

“कोमशू,
पहाटेपासून दुपारच्या नमाजापर्यंत मान्य.
जमीन दगड झालीय, आमची फावडी मोडली.
असतील तर चाळीस पाठवा.
दुपारी परत करू.”

“मायना काय घातलाय म्हाताऱ्यानं?” जनरलनी विचारलं.
शेगडीत ओलं लाकूड चरचरत होतं.
“माननीय शत्रुसेनापती,” मी वाचलं.
“सभ्य माणूस,” जनरल म्हणाले,
आणि फावडी मोजायला हवालदाराला उठवलं.

त्या सकाळबद्दल मी फारसं सांगत नाही.
वेली कापाव्या लागल्या, काहींची बोटं तारेसारखी
त्यांत गुंतली होती.
एका तुर्काने माझ्याकडे विडी मागितली.
मी दिली. काडी त्याच्याकडे होती.

दुपारी फावडी परत आली, माती पुसून, एकोणचाळीस.
सोबत चिठ्ठी: एक मोडलं. देणं लागतो.
बारा वाजून वीस मिनिटांनी आमची पहिली तोफ सुटली,
मग त्यांची.

आता दोन राजधान्यांत दोन पत्रं जपून ठेवलीत म्हणे.
गेल्या वर्षी एक तरुण अभ्यासक आला होता, चष्मा पुसत,
पाशा रशियन जनरलला शेजारी का म्हणतो,
यात काही राजकीय डाव होता का, विचारत.
मी म्हटलं, असेल.
त्याला चहा दिला. साखर नव्हती घरात,
आणि मागायला जावं
तर भिंत अजून तशीच.

जनरल त्याच वसंतात टायफसने गेले.
पाशांचं काय झालं, मला कळलं नाही.
कोठारावरच्या वहीत मात्र, शेवटच्या पानावर,
कुणीच खोडलं नसेल तर, एक नोंद असेल:
फावडी. येणे बाकी. एक.